पाइपमधली चेरी

बाबा प्रत्येक तंबाखूसाठी वेगळा पाइप ठेवायचे. लाकडात चव मुरते, सरमिसळ करायची नाही, असं म्हणायचे. ते गेल्यावर त्यांच्या चेरीच्या स्वादाच्या तंबाखूच्या पाइपमध्ये मी माझा उग्र तंबाखू भरला, काही विचार न करता. झुरका घेतला, तर माझ्या धुरामागून त्यांची चेरी आली. तेव्हापासून गोंधळलोय. पाइप ओढला तरच ती येते, आणि दर वेळी थोडी पुसट होते. मग जपायचं म्हणजे नेमकं काय करायचं? काल शेवटी पाइप कपाटात ठेवून दिला. संध्याकाळी आई गॅलरीच्या दारात येऊन उभी राहिली. धुरावरून बाबांशी जन्मभर भांडलेली माझी आई.

"आज ओढणार नाहीस का रे?" तिने हळूच विचारलं.