नाव बदललेली फाइल

पनवेलच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसतात ते मूळचे जासईचे. आम्ही डीबगर बनवतो, म्हणजे दुसरा प्रोग्राम मध्येच थांबवून त्यातली चूक शोधणारा प्रोग्राम. कीबोर्ड कधी आपल्याकडे ठेवायचा आणि कधी त्या दुसऱ्या प्रोग्रामच्या हाती द्यायचा, हा सगळ्यात किचकट भाग त्यांनी एकट्याने लिहिला. तो मला शिकवताना ते स्वतःचा कीबोर्ड माझ्यापुढे सरकवत, दोन्ही हात मांडीवर ठेवत आणि म्हणत, "एकदा दिला का आपुन मदी बोलाचा नाय."

मग फाइलींची नावं बदलायचं काम माझ्याकडे आलं. रीतसर बदलली असती, तर कोणती ओळ कुणी लिहिली ही संगणकाने ठेवलेली नोंदही सोबत आली असती. त्यांच्या फाइलीची पाळी आली तेव्हा मी कंटाळा केला. नवी फाइल करून सगळं तिच्यात चिकटवलं, जुनी दुसऱ्या दिवशी उडवली. त्यांच्या प्रत्येक ओळीपुढे माझं नाव लागलं.

मीटिंगमध्ये नव्या साहेबांनी नेमकी तीच फाइल पडद्यावर उघडली. "हे तुम्ही लिहिलंत? सुरेख!"

मी शेजारी पाहिलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

मी साहेबांना 'थँक्यू सर' म्हणालो.