इताईचा पाराशा

मिरकरवाडा बंदरातल्या बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात एलिझर मालगुंडकरांचं आयुष्य गेलं. रत्नागिरीत बेने इस्रायलींची घरं आता मोजकीच. सिनेगॉग तर नाहीच. तरी दर गुरुवारी सगळ्यांना फोनवर दोन ओळी पाठवायचं काम एलिझरकाकांचं. शनिवारी, शब्बाथला, तोरा या धर्मग्रंथातला कुठला भाग, म्हणजे पाराशा, वाचायचा: इकडच्यांनी हा, इस्रायलला गेलेल्यांनी तो.

बहुतेक वेळा दोन्ही ओळी सारख्याच. पण शाबुओथचा सण तिकडे एक दिवस, इकडे दोन. इकडचा दुसरा दिवस शनिवारी आला की आपण सणाचं वाचन करतो, तिकडचे मात्र पुढचा पाराशा वाचून मोकळे. मग काही आठवडे ते एक पाराशा पुढे.

"ते पुढे नि तुम्ही मागे, हे तुम्हाला शाबुओथलाच कळतं होय?" सिपोराकाकूंचा ठरलेला टोमणा.

यंदा तसंच आलं. ओळी लिहिता लिहिता काका थबकले.

"सिपोरा, इताईचा शब्बाथ कुठला गो?"

"जूनमधला दुसरा. दिवाळीपासून घोकताय ना दोघं?"

"त्या दिवशी इकडे हेरांचा पाराशा. तिकडे कोरहाचा."

काकू मासळी साफ करायच्या थांबल्या.

इताई म्हणजे इस्रायलला, अश्दोदमध्ये असलेल्या लेकीचा, हन्नाचा मुलगा. तेराव्या वर्षी मुलगा पहिल्यांदा सगळ्यांसमोर तोरा वाचतो, त्या शब्बाथला येणारा पाराशा. डॉक्टरांनी काकांना विमान बंद केलेलं, म्हणून ते फोनवरून हेरांचा पाराशा ओळ ओळ शिकवत होते, वडिलांकडून आलेल्या चालीत. ती चाल दुसऱ्या कुणी घेतलीच नव्हती.

काकांनी हन्नाला फोन लावून सांगितलं. "पप्पा, दर वर्षी तुम्हीच तर आम्हाला समजावता."

"हो गो. भिंतीवरचं कॅलेंडर बघून ठरवलं. मुंबईचं, इकडच्या पाराशांचं." ते घाईघाईने म्हणाले, "कोरह शिकवतो ना. रोज दोनदा फोन करीन."

दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. "इथले शिक्षक रोज घेणार म्हणालेत."

"बरं झालं. मी पण पाठवतो."

"त्यांची चाल वेगळी आहे, पप्पा. दोन्ही ऐकून तो गोंधळतो. आता रेकॉर्डिंग नका पाठवू."

मागून इताईचा आवाज आला, "आजोबा, सॉरी."

"तुला कसलं सॉरी, मेल्या? नीट वाच."

इताईचा शब्बाथ संपल्यावर हन्नाने आधीच्या सरावाचा व्हिडिओ पाठवला; शब्बाथला चित्रण चालत नाही. काकांनी तो तीनदा लावला. मुलगा कुठेही अडखळत नव्हता.

"छान वाचतो," ते म्हणाले.

"तुमच्यासारखं?" काकूंनी विचारलं.

"नाही. छान वाचतो."

पुढच्या शनिवारी इकडे कोरह आला. काका नेहमीप्रमाणे पुढच्या खोलीत वाचायला बसले. ऐकायला काकू एकट्या. चार ओळी झाल्यावर काकांनी मध्येच इताईची ती नवी चाल धरून पाहिली. जमली नाही. पुन्हा धरली. काकूंनी पंखा बंद केला, आवाज नीट यावा म्हणून.