शेकलेलं कातडं
उसाचं पाचट जळल्याचा वास आला की मला ती संध्याकाळ आठवते. आमच्या घरी वडिलांची हलगी वाजली तरच चूल पेटायची. मी घरातला पहिला पदवीधर, पण हात हलगीवरच तयार झालेले. कॉलेजातल्या एका मित्राचा जॅझ आणि सोल हे अमेरिकी संगीत वाजवणारा बँड होता. त्याच्या काँगा ढोलावर मी क्यूबाचे ठेके शिकलो आणि त्यात हलगीची चाल मिसळली. "सरावाला असू दे की," म्हणत त्यानं माझं वाजवणं रेकॉर्ड करून घेतलं. शिवाजी पेठेतल्या, बँडबरोबरच्या माझ्या पहिल्या कार्यक्रमाला वडील मुद्दाम मला ऐकायला आले. मी स्टेजमागं पाचट पेटवून, आवाज चढावा म्हणून हलगीचं शेकतात तसं काँगाचं कातडं शेकत होतो. तेवढ्यात पुढं माझाच ठेका सुरू झाला. डोकावलो, तर माझ्या जागेवर लॅपटॉप. गाणं संपल्यावर मित्र मागं येऊन म्हणाला, "जाळ करून वाजवणारा तिथं शोभत न्हाय भावा. वाजतंय तर तुझंच की." तोवर वडीलही स्टेजमागं आले होते. त्यांनी पायानं जाळ विझवला. म्हणाले, "ढोल त्याचा हाय, ठेव तिथंच. चल." आज माझा स्वतःचा बँड आहे आणि त्यातला प्रत्येक ठेका मी स्टेजवर बसून हातानं वाजवतो.