पायाचा अंगठा धरून मोजणारा

शिरूर अनंतपाळच्या बसवणअप्पानं मला फसवलं. गाडी विकताना जे सांगायला पाहिजे होतं ते सांगितलं नाही. हे आधी लिहून टाकते, कारण पुढचं वाचून काही जण म्हणतील की अप्पानं तर उलट उपकारच केले. केले असतील. तरी फसवलंच.

मी नायगावची. आठवडी बाजारात भांडी विकते. नवरा गेल्यावर डोक्यावर पाटी घेऊन सुरुवात केली, आता स्वतःचा टेम्पो आहे. भूतखेत, अंगात येणं, उतारा टाकणं... यातलं आमच्या घरात काही चालत नाही. आजोबांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हाच देव्हारा उचलला, आणि भुतांनाही त्याच दिवशी रजा दिली. भुताखेतांच्या अनुभवांच्या या पानावर लोक जे लिहितात ते वाचून मी हसायचे. माझी मुलगी प्रज्ञा तर निम्म्या अनुभवांना ‘स्लीप पॅरालिसिस’, म्हणजे जाग येऊनही अंग हलत नाही तो प्रकार, म्हणून मोकळी व्हायची.

प्रज्ञाला दहावीला चांगले मार्क पडले आणि तिला लातूरला क्लास लावायचं ठरलं. भूकंपाला तेव्हा वीस वर्षं होत आली होती. एकेकाळी ज्या लातूरचं नाव घेताना लोक आवाज खाली आणायचे, तिथं आता चौकाचौकात डॉक्टर झालेल्या पोरांचे फोटो लागले होते. मी खोली बघत फिरले. प्रत्येक घरी बोलणं तेच.

“एकच मुलगी? छान. मार्क किती? वा. आडनाव काय म्हणालात?”

आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. चौथ्या घरच्या बाईला मी म्हणाले, “काल गेली, तर ‘खोली देणे आहे’ ही पाटी आज पुसूनबिसून कशाला लावली?” तिनं दार लावून घेतलं. माझं डोकं फिरलं. तिथंच रस्त्यावर ठरवलं, आता या गावात कुणाच्या छपराखाली राहायचंच नाही.

एका गिऱ्हाइकानं अप्पाच्या जुन्या बसचं सांगितलं. जाऊन बघितली. मोठी, सीट काढून टाकलेली, दोन्ही बाजूंना लांबच लांब लाकडी फळ्या ठोकलेल्या, खिडक्यांना जाळी. इंजिन लातूरपर्यंत पोचवण्याइतकं चालत होतं. अप्पानं भाव सांगितला. मी सरळ निम्मा केला.

अप्पा म्हणाला, “घ्या.”

एवढी वर्षं धंद्यात काढली आहेत. पहिल्या फटक्यात ‘घ्या’ म्हणणारा माणूस वस्तू विकत नसतो, घरातून काढत असतो. म्हणून मी खोदून विचारलं.

“अप्पा, ॲक्सिडेंटची हाय का?”

“न्हाई.”

“चोरीची?”

“न्हाई हो ताई.”

“कुणी मेलंय का हिच्यात?”

“हिच्यात कुणीच मेलं न्हाई. लेकराची शपथ घेतो.”

खोटं बोलला नाही तो. माझा प्रश्न चुकला... आणि माझा प्रश्न चुकतोय हे त्याला समोर उभं राहून कळत होतं. याचाच राग आहे.

ओळखीच्या कंत्राटदाराच्या रिकाम्या प्लॉटवर गाडी लावली. बाहेर ताडपत्री, तिच्याखाली स्टोव्ह, पाण्याचा ड्रम, कपडे वाळवायला दोरी. बाजाराचं काम माझ्या भावाकडं सोपवलं. फळ्यांवर कापसाच्या जाड गाद्या टाकल्या, एकीवर प्रज्ञा, समोर मी. तिच्या क्लासच्या मैत्रिणी येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, तुमचं तर कॅम्पिंगच चाललंय.

आणि झोप. काय सांगू. मालाच्या काळजीनं मी जन्मभर सावध झोपले — मांजर गेलं तरी जाग. त्या गाडीत मात्र दोन्हीकडून वारा यायचा, पाठ टेकली की सरळ सकाळ. अशी झोप मला लहानपणीसुद्धा लागली नसेल.

आठ-दहा दिवस झाले असतील. पहाटे, उजाडायच्या थोडं आधी, कुणीतरी चादरीवरून माझ्या उजव्या पायाचा अंगठा धरला. हळूच, दोन बोटांत. आणि पुरुषाचा आवाज, स्वतःशीच बोलल्यासारखा —

“दोन.”

अंगठा सुटला. मी उशाशी ठेवलेला लोखंडी झारा घेऊन उठले. दाराला आतून साखळी होती तशीच. आत आम्ही दोघीच. प्रज्ञा गाढ झोपलेली.

मला भुताची भीती वाटली नाही, माणसाची वाटली. तरणी मुलगी बरोबर. दुसऱ्या दिवशी झोपताना दाराच्या पायरीवर बारा पातेली एकावर एक रचली. आमच्या धंद्यात याच्यासारखा राखणदार नाही, उंदीर चढला तरी गल्ली जागी होते. पहाटे पुन्हा अंगठा, पुन्हा “दोन.” पातेली जागची हलली नव्हती.

प्रज्ञाला सांगितलं तर ती दात घासत म्हणाली, “मला ‘एक’ म्हणतो. पहिल्या दिवसापास्नं. मला वाटलं तूच हाय.”

“माझा आवाज असा हाय का?”

“सर्दी झाल्यावर असाच असतो.”

“मग तुझं ते स्लीप पॅरालिसिस कुठं गेलं?”

तिनं विचार केला. “दोघींना एकाच टायमाला? अन् आकडे बी ओळीनं? न्हाई बसत.” मग चूळ भरून म्हणाली, “पण मम्मी, इथं झोप लई चांगली लागते. हॉस्टेलच्या पोरी गोळ्या खाऊन झोपून राहिल्या. मोजतो तर मोजू दे, आपलं काय घेतो?”

पुढं भाऊ त्याची दोन लेकरं घेऊन मुक्कामाला आला. त्याला काही सांगितलं नव्हतं. पहाटे मोजणी पाच आकड्यापर्यंत गेली. भावाचा नंबर तिसरा. चहासुद्धा न घेता त्यानं लेकरांना उचललं आणि स्टँड गाठलं. दुसऱ्या पहाटे मोजणी पुन्हा दोनवरच थांबली; एका रात्रीचे पाहुणे त्यानं हिशोबात धरले नसावेत.

आम्ही राहिलो. माणसाला कशाचीही सवय होते, आणि खरं सांगायचं तर खोली होती कुठं? पहाटे “एक”, मग “दोन”, मग समाधानानं सोडलेला श्वास, मग पायरीवरून उतरणारी पावलं. वर्ष गेलं, दुसरं लागलं.

माझं तोंड वाईट आहे. बारावीच्या सुरुवातीला प्रज्ञाला एका टेस्टमध्ये फार कमी मार्क पडले. मी बोलले... “तुझ्यापायी धंदा सोडून गाडीत पडले मी, अन् तू हे आणून दावती?” अजून बरंच बोलले, ते इथं लिहीत नाही. ती जेवली नाही. तोंडावरून पांघरूण घेऊन झोपली.

पहाटे माझा अंगठा धरला गेला.

“एक.”

मी अर्धवट झोपेत. काहीतरी चुकलं, एवढंच जाणवलं. अंगठा सुटला, पुन्हा धरला. “एक.” तिसऱ्या वेळी इतका करकचून आवळला की मी कळवळून उठले, आणि तो आवाज कापत होता. “एक...”

समोरची गादी रिकामी होती. साखळी काढलेली.

अनवाणी रस्त्यावर आले, रिक्षा मिळाली, स्टँडवर उतरले. हैदराबादच्या गाडीत शेवटच्या सीटवर प्रज्ञा, मांडीवर दप्तर. गाडी सुरू झाली होती. मी चढून तिच्या शेजारी बसले. तिचं दप्तर उचलून माझ्या मांडीवर घेतलं.

कंडक्टर म्हणाला, “मावशी, तिकीट?”

“उतरून राहिलो,” प्रज्ञाच म्हणाली.

खाली आल्यावर मी विचारलं, “कुठं चालली होतीस?”

“माहीत न्हाई. जिथं कुणी मार्क विचारत न्हाई तिथं.”

माझा अंगठा पंधरा दिवस काळानिळा होता. ज्यांना सगळं मनाचे खेळ वाटतात, त्यांनी याचं काय ते सांगावं.

दुसऱ्या दिवशी अप्पाचं घर गाठलं. तो ओट्यावर बसला होता.

“अप्पा, गाडीत कोण मोजतंय?”

दचकला नाही. तेच मला लागलं. नुसतं म्हणाला, “अजून मोजतो का?”

मग थोडं थोडं करून बोलला. भूकंपानंतर ही बस त्याच्या सासरवाडीच्या गावात उभी होती. अकरा लेकरं अशी होती की कुठल्याच छपराखाली पाय ठेवीनात. नव्या पत्र्याच्या शेडमध्येसुद्धा नाही. ती बसमध्ये झोपायची. थंडीचे दिवस, सगळ्यांची तोंडं गोधडीत, ओळखायचं कसं? म्हणून उजाडायच्या आधी पायाचे अंगठे धरून मोजायची पद्धत पडली. अकरा भरले की मोजणारा खाली उतरायचा.

“ती लेकरं कुठायत?”

“मोठी झाली. अकराच्या अकरा. लेकुरवाळी हायती.”

“अन् मोजणारा?”

अप्पानं उपरण्यानं तोंड पुसलं.

“नाव काय त्याचं?”

“ताई, गाडी वापस करायची तर करा. पैसे आत्ता देतो. नाव इचारू नका.” असं म्हणून उठून आत गेला.

गाडी मी परत केली नाही.

आता प्रज्ञा नांदेडला मेडिकलला आहे, हॉस्टेलमध्ये राहते. तिनं तिच्या सरांना विचारून बघितलं, ते हसले. गाडी ट्रकला बांधून ओढत आणली, आता नायगावला माझ्या घरामागं उभी आहे. मी तिच्यातच झोपते, दुसरीकडं झोप येत नाही. पहाटे अंगठा धरला जातो. “एक.” मग तो थांबतो. पुन्हा “एक.” पुन्हा. उजाडेपर्यंत खाली उतरत नाही.

मी सांगून बघितलं — ती नांदेडला हाय, बरी हाय, डॉक्टर होऊन राहिली. त्याला ऐकू जात नाही. पुन्हा माझा अंगठा धरतो, आधीपेक्षा घट्ट.

बसवणअप्पा, तुमच्या घरात हे पान वाचतात, मला माहीत आहे. गाडीच्या भावाबद्दल मी पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. पण एक लेकरू कमी भरतंय म्हणून तो माणूस रोज पहाटे माझ्या पायाशी घाबरा होतो, आणि त्याला हाक मारून थांबवायला माझ्याकडं नाव नाही. तुमच्याकडं आहे. तो तुमचा कोण होता आणि त्याला काय म्हणून हाक मारायची, याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.