बाबांनी डिलीट केलेलं स्कॉटलंड

क्वेकर्स हिलमधल्या आमच्या घराच्या तापलेल्या गॅरेजमध्ये आज कॅमेऱ्याची जुनी बॅग उघडली आणि ओल्या लोकरीचा वास आला. काही वर्षांपूर्वी बाबांबरोबरच्या सहलीत, स्कॉटलंडमध्ये तीन दिवस पावसात कुडकुडत मी डोंगर-तळी टिपली होती. मेमरी कार्डावर जागा हवी म्हणून बाबांनी ते सगळे फोटो डिलीट केले. वर हसून म्हणाले, "अरे, एकातही माणूस नव्हता!"

मी, घरातला स्वयंघोषित छायाचित्रकार, भर पार्किंगमध्ये ओरडलो, "बाबा, अक्कल आहे का तुम्हाला?" माकडटोपी सारखी करत ते गाडीत जाऊन बसले.

आता बाबा नाहीत, आणि संताप येतो तो माझाच. कारण पुढे त्याच सहलीत आयर्लंडच्या कड्यावर मी कॅमेरा रोखून म्हणालो, "बाबा, उभे राहा ना," तर ते घाईघाईने बाजूला सरकले.

"नको रे, तुझा देखावा बिघडेल."