बातमीतलं निळं फडकं

दुबईतल्या खोलीत मी फोनवर आदिलाबादची बातमी पुन्हा पुन्हा लावत होतो. कापसाच्या जिनिंगमधल्या बाया पुरुषांएवढी मजुरी मागत रस्त्यावर बसल्या होत्या आणि पोलीस त्यांना गाडीत भरत होते. माय त्यांच्यातच असणार, पण तिचा फोन लागत नव्हता. खालची तेलुगू पट्टी मला वाचता येईना. माझी शाळा सहावीतच सुटलेली, तीही मराठी. खोलीत सोबत राहणाऱ्या निजामाबादच्या अण्णानं, भलं होवो त्याचं, भाजी गॅसवर तशीच ठेवून वाचून दिली. गाड्या अडकल्या, प्रवाशांचे हाल झाले, एवढंच होतं. मजुरीचं काही नव्हतं.

उडता कापूस नाकात जाऊ नये म्हणून कामावर बांधतात तशी फडकी सगळ्यांच्या तोंडाला होती. मग कडेला, गाडीपासून लांब, एक निळं फडकं दिसलं. माझ्या शाळेच्या शर्टाचं.

संध्याकाळी फोन लागला.

"टीवीवाल्यापुढं तोंड तरी उघडाचं, माय. काऊन झाकून बसली?"

"कामावरून उठून तशाच गेलो आमी. माह्यं तोंड पाहाचं असन तं घरी ये ना, बापू."

मी हसलो. फोन ठेवल्यावर बातमी पुन्हा लावली आणि त्या निळ्या फडक्यावर थांबवली.