न तडकलेली काच

मुकादम तात्या पुलाखाली उतरले की आधी वहाणा काढायचे. मला वाटलं, माणूस भाविक आहे. पहिल्याच दिवशी मीही मुकाट्यानं सँडल काढल्या आणि टाचेत बाभळीचा काटा भरून घेतला. तात्या हसले. "द्येव न्हाई म्याडम हितं. वरनं भरलेली गाडी गेली की खांब कसा थरथरतोय, त्ये तळव्याला कळतं. तुमच्या तळव्याला येळ हाय अजून."

नव्वदनंतरची गोष्ट. मी नुकतीच इंजिनिअर होऊन कराडला पूल तपासणाऱ्या कार्यालयात रुजू झाले होते. नवा संगणक आला होता आणि सातारा-सांगलीकडचे पूल त्यात उतरवायचं काम माझ्याकडे होतं. नुसतं चित्र नव्हे. कुठल्या खांबाला कुठे भेग, किती लांब, किती रुंद, कधी पाहिली, सगळं. दर तपासणीचे आकडे भरत गेलं की भेग वाढतेय का ते पडद्यावर दिसायचं आणि आधी दुरुस्ती कुठली, ते ठरायचं. तात्या मोजायचे, मी भरायची. संगणकाच्या खोलीबाहेरही चपला काढाव्या लागत. तात्या म्हणाले, "म्हंजे ह्यो बी पूलच की!"

"हात लागल्याबिगर आकडा ल्याहायचा न्हाई," हे त्यांचं पालुपद. एकदा कुपवाडच्या वाटेवर शिडी आली नाही, तर साहेब 'अंदाजानं टाका' म्हणत असताना हा गृहस्थ भर उन्हात तीन तास बसून राहिला. मलाही बसवलं, आपल्यातली अर्धी भाकरी दिली. तात्यांचा आकडा मी कधी पडताळला नाही. वडिलांच्या शब्दावरही माझा एवढा भरवसा नव्हता.

कुंडलच्या पुढे तात्यांच्या स्वतःच्या गावाचा जुना दगडी पूल होता. त्याच्या दुसऱ्या खांबाला भेग होती. भेगेच्या दोन्ही कडांना आम्ही सिमेंटनं काचेची पट्टी चिकटवली. भेग वाढली तर काच तडकते. तीन वर्षं तात्या सांगत होते, "काच शाबूत हाय." दोनदा मी स्वतः पाहिली. शाबूत. मी 'भेग स्थिर' असं भरलं आणि दुरुस्तीच्या यादीत तो पूल खाली खाली सरकत गेला. भर बैठकीत मी छातीठोकपणे त्याची हमी दिली.

चौथ्या वर्षी तात्या तापानं पडले, म्हणून मी एकटी गेले. काच मधोमध फुटलेली. धावतच त्यांचं घर गाठलं. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, पाण्याचा तांब्या हातात दिला आणि सहज म्हणाल्या, "ही बी फुटली व्हय? ऱ्हावू द्या, बरं वाटलं की बदलत्याल. आवं, वर्साला दोन-दोन लागत्यात. नवी दिसू नये म्हनून वर माती बी चोळाय लागती." आणि फळीवरून कापून ठेवलेल्या पट्ट्यांची चवड काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

आतल्या खाटेवर तात्या उठून बसले होते.

"का, तात्या?"

"पूल बंद केला असता तुमी. गावाचा समदा ऊस लय लांबचा वळसा घालून गेला असता. मला गावात ऱ्हायाचं हाय. आनि खांब पडत न्हाई म्याडम, माझ्या पायाला कळतंय."

"मग मला सांगायचं. वाद घातला असता आपण."

"तुमी त्ये यंत्रात घातलं असतं. मग कुनासंगं वाद घालायचा?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नुसते तोंडानं खोटं बोलले असते तर एक वेळ सोसलं असतं. त्यांनी माझ्याच डोळ्यांना खोटं दाखवलं होतं. "असे अजून किती?" मी विचारलं.

"त्यो एकच."

मी सगळं लिहून दिलं. पूल बंद झाला, खांब दुरुस्त झाला, तात्यांची नोकरी गेली. 'त्यो एकच' यावर मी विश्वास ठेवला नाही. कसा ठेवणार? त्यांनी मोजलेला प्रत्येक पूल मी पुन्हा मोजला. दीड वर्ष, शिडी लावून, हात लावून. मनातून मला दुसरं खोटं हवंच होतं. ते सापडलं असतं, तर माणूसच लबाड म्हणून सोडून देता आलं असतं.

सापडलं नाही. सगळे आकडे बरोबर. शेवटच्या पुलाखाली बसून मी रडले. खरं तर त्या दिवशीच त्यांच्या गावाची गाडी धरायला हवी होती. धरली नाही. पुढे ते गेल्याचं कळलं, तेव्हाही नाही. गावाला दुखवायचं नाही म्हटल्यावर, मला फसवलं तरी चालेल असं त्यांना वाटलं. ते मला अजून गिळता येत नाही.